कबऱ्या पानांची होस्टा

परदेशी बागांचीं रंगीत चित्रें चाळणाऱ्या आमच्या कोल्हापुरांतील हौशी मंडळींस होस्टा नांवाच्या झाडाचा मोह पडल्यावांचून राहत नाहीं. उंची वीतभरहि नाहीं, पानें उंदराच्या कानासारखीं वाटोळीं, त्यांना पांढरी किंवा पिवळी किनार, आणि भोंवतीं वितळत चाललेलें बर्फ! हें रोप येथें कां टिकत नाहीं तें पुढें येईलच. परंतु त्याआधीं त्या पांढऱ्या किनारीचा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

होस्टाचें माहेर जपान, कोरिया व चीन. जपानी लोक तिला गिबोशी म्हणतात. पुलाच्या कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराचे जे कळस बसवितात, त्यांचें हें नांव. होस्टाचा न उमललेला तुरा तसाच दिसतो. युरोपीयांत तिचें वर्णन प्रथम छापलें तें केंफर या जर्मन वैद्यानें, १७१२ सालीं. १६९० ते १६९२ या काळांत तो नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डचांच्या वखारींत होता. पण कागदावरचें वर्णन निराळें व जिवंत रोप निराळें. चीनमधील एक पांढऱ्या फुलांची जात अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला पोंचली. जपानी जाती विपुल प्रमाणांत नेल्या त्या सीबोल्ड यानें.

हा सीबोल्डहि जर्मन वैद्यच. १८२३ सालीं तो देजिमास उतरला तेव्हां एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, कबऱ्या पानांच्या झाडांचें वेड ऐन भरांत होतें. सरदार आणि सावकार अशीं झाडें हुडकून काढीत व जिवापाड जपत. १८२९ सालीं मिझुनो तादातोशी यानें केवळ अशाच झाडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं एक दुःखद प्रकरणहि घडलें. दरबारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासु यानें सीबोल्डला जपानचे नकाशे दिले होते आणि परक्यास नकाशा देणें हा राजद्रोह होता. ताकाहाशी तुरुंगांत मरण पावला; सीबोल्डला हद्दपारी झाली. १८३० त हॉलंडला परतल्यावर त्यानें पुढें लायडन येथें जपानी रोपांचा मोठा व्यापार मांडला. बागवानीच्या ग्रंथांत आज सीबोल्डचें नांव पदोपदीं भेटतें. ताकाहाशीचें मुद्दाम शोधावें लागतें.

नांवांचाहि घोळ पुष्कळ झाला. १८१२ सालीं ट्रॅटिनिक यानें होस्ट या ऑस्ट्रियन वैद्याच्या सन्मानार्थ ‘होस्टा’ हें नांव दिलें. १८१७ त स्प्रेंगेलनें ‘फुंकिया’ हें काढलें. १९०५ च्या व्हिएन्ना परिषदेनें पहिलें नांव कायम केलें, तरी जर्मन माळी अजून तिला ‘फुंकी’च म्हणतात.

याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. १८३८ सालीं इंग्लंडांत हूकर यानें होस्टाच्या एका जातीचें शास्त्रीय वर्णन केलें, तें बागेंतल्या पांढऱ्या किनारीच्या रोपावरून! रानांतली मूळ हिरवी होस्टा शास्त्रज्ञांच्या नजरेस मागाहून आली आणि तिलाच त्या जातीचा एक ‘प्रकार’ म्हणून नोंदविण्यांत आलें. लेंक आधीं आणि आई मागाहून, असा हा प्रकार झाला.

पानाच्या पांढऱ्या भागांत हरितद्रव्य नसतें. हिरवा भाग अन्न करतो व पांढऱ्यास पोसतो. अशीं रोपें म्हणूनच सावकाश वाढतात व कडक उन्हांत करपतात. ही किनार बियांतून उतरत नाहीं. गड्डा फोडूनच ती राखावी लागते. म्हणजे कोणा अज्ञात जपानी माळ्यानें जो गड्डा वेगळा केला, त्याचेच तुकडे पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत आले!

ठेंगण्या जातींची हौस बरीच अलीकडची. कोरियाच्या जेजू बेटावरील होस्टा व्हेनुस्टा ही मुळांतच बुटकी. अमेरिकेंत निपजलेली ‘ब्लू माउस इअर्स’ २००८ सालची मानाची होस्टा ठरली, आणि तिच्यापासून किनारीचे कित्येक प्रकार निघाले. थंड देशांतहि यांना जपावें लागतें. जमीन गोठते, वितळते, पुन्हां गोठते, आणि त्या ओढाताणींत लहानसा गड्डा मुळांसकट वर फेंकला जातो. म्हणून तेथील माळी जमीन गोठल्यानंतर तिच्यावर पालापाचोळा पसरतात. ऊब देण्यासाठीं नव्हे, तर रोप अवेळीं जागें होऊं नये म्हणून!

आमची अडचण नेमकी येथेंच आहे. होस्टाला दरवर्षीं कांहीं आठवडे चार-पांच अंश सेल्सियसच्या आंतली थंडी लागते, आणि कोल्हापुरांत माघांतल्या पहांटेसहि तसा गारठा सलग मिळत नाहीं. झोंप न मिळालेलें रोप क्षीण होत जातें.

परंतु होस्टाचे सगेसोयरे आमच्या सह्याद्रींत आहेत. आजचे शास्त्रज्ञ होस्टा, घायपात आणि फोडशी यांना शतावरीच्याच विस्तृत कुळांत घालतात. दिवाणखान्याच्या खिडकींत टांगलेलें, पांढऱ्या पट्ट्यांचें आफ्रिकी स्पायडर प्लँट हें तर फोडशीचें सख्खें भावंड. फोडशीच्या गणांतील एका जातीस ‘क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स’ असें आमच्या कोल्हापूरचेंच नांव मिळालें आहे. फोडशीहि वर्षांतून एकदां झोंपते. मात्र हिंवाळा-उन्हाळा जमिनींत काढते व पहिल्या पावसासरशी उठते. जपानांत होस्टाचे कोवळे कोंब ‘उरुई’ या नांवानें वसंत ऋतूंतली भाजी म्हणून खातात. तशीच आमच्याकडे कोंकणांत व घाटमाथ्यावर आषाढाच्या सुमारास फोडशीची कोवळी पानें कांदा व डाळ घालून शिजवितात. चिरण्यापूर्वीं तिचा पांढरा, कडक बुडखा तेवढा काढून टाकतात.