चिप–मास स्पेक्ट्रोमीटर जोडणी

सूक्ष्मद्रव चिपवर तयार झालेला किंवा अलग केलेला नॅनोलिटर मापाचा द्रव-नमुना चिपबाहेरच्या मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत (वस्तुमान वर्णपटमापकापर्यंत) पोहोचवण्याची व्यवस्था. चिप काच, सिलिकॉन, पॉलिइमाइड किंवा पीडीएमएस या सिलिकोन रबराची असते. तिच्यातील वाहिन्या साधारणतः 10 ते 100 मायक्रॉन रुंद असतात. चिपवरचे विलगीकरण कित्येकदा काही सेकंदांत उरकते. रेणूंची ओळख पटवणारे उपकरण मात्र टेबल व्यापते आणि त्याच्या आत निर्वात असतो. वाहिनीतला द्रव तिथवर न सांडता, न पसरता आणि अवेळी न सुकता नेणे हे जोडणीचे काम होय.

पार्श्वभूमी : 1979 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील टेरी, जर्मन व एंजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीवर वायु-वर्णलेखक उतरवला. 1990 मध्ये बाझल येथील सिबा-गायगी कंपनीतील आंद्रेआस मान्झ व सहकाऱ्यांनी नमुना घेण्यापासून निदानापर्यंतचे सगळे विश्लेषण एकाच लहान साधनात करण्याची कल्पना मांडली. सुरुवातीला चिपवरचे रेणू बहुधा लेसर-प्रतिदीप्तीने पाहत. त्यासाठी रेणूंना चमकणारे रंगद्रव्य जोडावे लागे. मास स्पेक्ट्रोमीटरला असे रंगद्रव्य लागत नाही. येल विद्यापीठातील जॉन फेन यांच्या 1980च्या दशकातील कामामुळे (नोबेल पारितोषिक, 2002) इलेक्ट्रोस्प्रेने (विद्युत्-दाबाने द्रवाचा बारीक फवारा उडवून) प्रथिनांसारखे मोठे रेणूही न मोडता आयनरूपात उपकरणात सोडता येऊ लागले. 1997 मध्ये चिप व इलेक्ट्रोस्प्रे यांची सांगड घालणारे निबंध नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील कार्गर, ओक रिज प्रयोगशाळेतील रॅम्झी आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील एबरसोल्ड यांच्या गटांकडून प्रसिद्ध झाले. तिन्ही एकाच वर्षातले असल्याने येथे अग्रक्रम लावलेला नाही.

मृत घनफळ : जोडणीतील ज्या पोकळीत द्रव रेंगाळतो व मिसळतो तिचे हे माप; प्रयोगशाळेत त्याला सर्रास ‘डेड व्हॉल्यूम’ म्हणतात. 50 मायक्रॉन रुंद व 20 मायक्रॉन खोल वाहिनीतील 1 मिमी. लांबीची नमुन्याची पट्टी म्हणजे 1 नॅनोलिटर. बाहेर नेणारी सिलिकेची केशनळी 75 मायक्रॉन अंतर्व्यासाची असेल, तर तिच्या 1 सेंमी.मध्ये सुमारे 44 नॅनोलिटर द्रव मावतो. 20 मायक्रॉनच्या नळीत सुमारे 3. त्यामुळे अरुंद व आखूड नळी वापरणे हा पहिला नियम. अरुंद नळी मात्र कणांनी लवकर तुंबते आणि तिला दाबही जास्त लागतो.

खरी अडचण सांध्यात येते. या केशनळ्यांचा बाह्यव्यास बहुधा 360 मायक्रॉन असतो. चिपच्या कडेत वाहिनीच्या रेषेत तेवढे छिद्र पाडून नळी आत सरकवतात. नेहमीच्या ड्रिलचे टोक 118 अंशांचे असते. त्यामुळे छिद्राच्या तळाशी भोवऱ्याच्या आरेसारखा खळगा उरतो आणि नळीचे सपाट टोक तिथे टेकतच नाही. या खळग्याचे घनफळ भरते सुमारे 3.7 नॅनोलिटर, म्हणजे वरील पट्टीच्या जवळजवळ चौपट. चिपवर सुटी झालेली दोन द्रव्ये येथे पुन्हा एकत्र होतात. अल्बर्टा विद्यापीठातील हॅरिसन यांच्या गटाने 1999 मध्ये टोकदार ड्रिलनंतर सपाट तोंडाचे ड्रिल चालवून छिद्राचा तळ सपाट केला, तेव्हा विलगीकरणाची गुणवत्ता जवळपास अबाधित राहिली. हे काम आजही सांध्याच्या चर्चेचा आधार मानले जाते. नळी पक्की करताना पातळ इपॉक्सी फटीतून आत ओढले जाऊन वाहिनीच बुजवते. म्हणून घट्ट होऊ लागलेले इपॉक्सी बाहेरच्या बाजूने लावतात.

सांधा निर्दोष असला तरी पट्टी वाटेत पसरते. दाबाने वाहणाऱ्या द्रवात मधला थर पुढे धावतो, भिंतीलगतचा मागे राहतो. या पसरणीचे गणित जी. आय. टेलर यांनी 1953 मध्ये मांडले. विद्युत्-दाबाने चालणाऱ्या (विद्युत्-तर्षणी) प्रवाहाचा मोहरा सपाट असल्याने त्यात हा दोष कमी असतो.

फवारा-टोक : सांधा टाळण्यासाठी चिपच्या कडेवरूनच फवारा काढण्याचे प्रयत्न 1997 पासूनच झाले. काचेची सपाट कड ओली होते, थेंब आडवा पसरतो आणि त्यातच पट्ट्या मिसळतात. कडेला जलविरोधी लेप दिल्यास थेंब आवरतो. स्थिर फवाऱ्यासाठी द्रवाला टोकाशी शंकूचा आकार यावा लागतो (या शंकूचे विवेचनही टेलर यांचेच, 1964). पुढे सिलिकॉनमध्ये कोरलेल्या तोट्या (अ‍ॅडव्हियन कंपनी), टोकासह कापलेली पॉलिइमाइडची वर्णलेखन-चिप (अ‍ॅजिलेंट कंपनी, 2005) आणि काचेच्या चिपचा टोकदार कोपराच फवारा-टोक म्हणून वापरण्याची रॅम्झी यांच्या गटाची रचना (2008) पुढे आल्या. बाहेरच्या नळीपेक्षा चिपमध्येच घडवलेले टोक श्रेष्ठ की नाही, यावर एकमत नाही. टोक खराब झाले की नळी बदलता येते, एकसंध चिप मात्र टाकून द्यावी लागते.

विद्युत्-मंडल : चिपवरील विलगीकरणाचा विद्युत्-दाब आणि फवाऱ्याचा काही किलोव्होल्टचा दाब एकाच द्रवस्तंभातून जातात, म्हणून दोन्ही मंडलांचा एक बिंदू सामाईक ठेवतात. विद्युत्-अग्र वाहिनीतच असल्यास पाण्याच्या विच्छेदनाने बुडबुडे येतात व प्रवाह तुटतो. अग्र वेगळ्या कप्प्यात ठेवून किंवा बाजूने साहाय्यक द्रव सोडून हे टाळतात. साहाय्यक द्रवाने नमुना विरळ होतो.

थेंबांद्वारे वहन : नमुन्याचे तेलाने अलग केलेले थेंब करून ते एकामागून एक पाठवतात. थेंबांतील द्रव्ये एकमेकांत मिसळत नाहीत व बाष्पीभवनही थांबते. 1 नॅनोलिटर पाण्याचा उघडा थेंब (व्यास सुमारे 124 मायक्रॉन) काही सेकंदांत सुकतो. मात्र फवाऱ्यापूर्वी तेल वेगळे काढावे किंवा ते फवाऱ्याला बाधणार नाही असे निवडावे लागते.

भिंतींचा परिणाम : प्रथिने भिंतीला चिकटतात; पीडीएमएस जलविरोधी लहान रेणू शोषून घेते.

थेट न जोडता वहन : नमुना धातूच्या पत्र्यावर ठिपक्यांच्या रूपात वाळवून नंतर लेसरने आयनरूपात आणून (माल्डी पद्धत) तपासतात.

इतर उपकरणे : एनएमआरसाठी (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनासाठी) नमुना सूक्ष्म वेटोळ्याच्या आतील केशनळीतून नेतात.

मानकीकरण : चिपची मापे व जोडण्या परस्परांशी जुळाव्यात यासाठी आयएसओ 22916 हे मानक 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.