सुखोईच्या नाकातली वंशावळ

मलकापूर किंवा शेगावहून मुंबईकडे निघालेली गाडी नाशिक रोडला थांबते. तिथून जवळच ओझर आहे. १९६४ साली मिग विमानांसाठी तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच आवारात सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागलं. या विमानाच्या टोकदार नाकात ‘बार्स’ नावाचं रडार असतं. त्याचं कूळ शोधत गेलं तर आपण दुसऱ्या महायुद्धातल्या रशियात पोहोचतो.

लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत युरी कोब्झारेव यांच्या चमूने हवाई टेहळणीचं रडार विकसित केलं आणि १९४० मध्ये ‘रुस-२’ या नावाने ते लाल सेनेत दाखल झालं. ते शंभरेक किलोमीटरवरचं विमान हेरू शकत असे. सुरुवातीला लहरी सोडायला एक अँटेना आणि परतीचा प्रतिध्वनी टिपायला दुसरी लागे. मॉस्कोच्या एका संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांनी ही दोन्ही कामं एकाच अँटेनाकडून करून घेतली आणि यंत्र आटोपशीर केलं. त्यांच्यात व्हिक्टर तिखोमिरोव हा तरुण होता. त्या कामाबद्दल १९४३ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं.

रात्री येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना गाठायचं तर रडार वैमानिकाजवळ हवं होतं. १९४२ मध्ये तिखोमिरोवच्या चमूने ‘ग्नेइस-२’ हे रडार पे-२ विमानावर बसवलं. लहरींची लांबी दीड मीटर, त्यामुळे अँटेना विमानाच्या अंगावर काट्यांसारख्या बाहेर आलेल्या. पल्ला तीन-चार किलोमीटरचाच. तरीही सोव्हिएत विमानांना अंधारात दिसू लागलं ते या यंत्रामुळे. लहरी सेंटीमीटरांवर आल्या तेव्हा अँटेना नाकात मावू लागली. पन्नाशीच्या दशकात मिग-१७ च्या रात्रीच्या आवृत्तीत बसलेलं ‘इझुमरूद’ही तिखोमिरोवचंच.

१९५५ मध्ये मॉस्कोजवळच्या झुकोव्स्की गावात नवी संशोधन संस्था निघाली आणि तिची धुरा तिखोमिरोवकडे आली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. या संस्थेची एक शाखा जमिनीवरच्या विमानविरोधी यंत्रणांकडे वळली. १९६७ मध्ये ‘कुब’ ही क्षेपणास्त्र प्रणाली सोव्हिएत सैन्यात आली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात तिने इस्रायली वैमानिकांना चांगलंच जेरीस आणलं. तिचीच निर्यातीची आवृत्ती भारतीय लष्कराने घेतली.

दुसरी शाखा लढाऊ विमानांचीच राहिली. १९८१ मध्ये मिग-३१ सेवेत आलं ते ‘झास्लोन’ रडार घेऊन. त्याची अँटेना न हलता आकाश न्याहाळत असे. ती असंख्य छोट्या घटकांची बनलेली असते. प्रत्येक घटकातून जाणाऱ्या लहरीची कला (फेज) किंचित मागेपुढे केली की झोत हवा तिकडे वळतो, तोही क्षणार्धात. म्हणूनच एकाच वेळी अनेक विमानांवर लक्ष ठेवता येतं. बार्स हे याच घराण्यातलं पुढचं रडार. त्यात झोत विजेच्या बळावर वळतोच, शिवाय अख्खी अँटेनाही बाजूला वळवता येते. पंधरा लक्ष्यांचा माग आणि त्यांतल्या चारांवर एकाच वेळी मारा, अशी त्याची क्षमता सांगितली जाते.

भारताने १९९६ मध्ये सुखोईचा करार केला. २७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर एमकेआय विमानं हवाई दलात दाखल झाली आणि २००४ मध्ये ओझरहून पहिलं विमान सुपूर्द झालं. या विमानात भारताचा स्वतःचा वाटा होता. बार्सची अँटेना रशियन, पण त्याचे रडार-संगणक संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या अभियंत्यांनी घडवले. यंत्राच्या बुद्धीचा एक भाग असा इथला होता.

हीच गोष्ट जमिनीवरही घडली. कुबची जागा घेण्यासाठी आखलेल्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राचं ‘राजेंद्र’ रडार याच संघटनेच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेने रचलं. त्याचा झोतही अँटेना न फिरवता वळतो. आकाशचा प्रक्षेपक पुण्याजवळच्या दिघीच्या संस्थेत आकाराला आला. आता सुखोईसाठी ‘विरूपाक्ष’ रडारावर काम सुरू आहे. त्यात प्रत्येक घटक स्वतःच लहरी सोडतो, त्यामुळे काही घटक निकामी झाले तरी रडार आंधळं होत नाही.

परवाना घेऊन जोडणी केली की हात तयार होतात. रचना स्वतः केली, चुकली, पुन्हा केली, म्हणजे वंश सुरू होतो. तिखोमिरोवच्या घराण्याचं बळ यातच होतं. ग्नेइसमध्ये काय उणं होतं ते इझुमरूद करणाऱ्यांना ठाऊक होतं, कारण ते रचणारी माणसं तीच होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला आणि ती विमानं ओझरलाच तयार व्हायची आहेत. हे काम हवंच. पण त्याहून मोलाची आहे ती बंगळूर आणि दिघीची परंपरा, आणि ती अखंड चालण्यासाठी विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघणाऱ्या मुला-मुलींना अँटेना आणि लहरींचं शास्त्र मुळापासून शिकवावं लागेल. पुढच्या रडाराचे पूर्वज आजच्या वर्गांतच बसलेले असायला हवेत.