व्यसनसंशोधकाची घडण : ‘कारण’ ह्या रकान्यापासून पुढे

व्यसनोपचाराच्या क्षेत्रात येणाऱ्या डॉक्टरेटोत्तर संशोधकास प्रथम काय शिकवावे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे निमित्त धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा येथे घडले. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे हे गाव दूरवर ठाऊक आहे. बोलीच्या पाहणीसाठी तेथे गेलो असता बरोबरच्या विद्यार्थ्याने एका वृद्ध गृहस्थांना विचारले, “आजोबा, तुम्हाला काही व्यसन आहे का?” “छे, व्यसन कसलं!” चहा झाल्यावर मी सहज विचारले, “संध्याकाळी थोडी घेता का?” “घेतो की. रोजच घेतो. त्याबिगर झोप लागत नाही बघा.”

दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. ‘व्यसन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच संकट, अधःपात असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर कोसळणाऱ्या व्यसनांविषयी असून मद्यपान हे तेथे द्यूत, मृगया इत्यादींच्या पंक्तीस राजाच्या व्यसनांत बसते. तो दोषार्थ मराठीतही टिकला. ज्याने घर बुडविले, तो व्यसनी. आजोबांनी काहीच बुडविलेले नव्हते. नाद, चटक, तलफ, आहारी जाणे ह्या बोलण्यातील शब्दांत सवयीच्या निरनिराळ्या अवस्था सूचित होतात. ‘व्यसन’ हा शब्द मात्र त्या सर्वांवर एकदम निवाडा देऊन मोकळा होतो.

उत्तर कसे मिळाले ह्याची चौकशी न करता ते नोंदविले, तर काय होते, ह्याचे आपल्याकडील मोठे उदाहरण गांजा-भांग आयोगाचे आहे. हा आयोग जुलै १८९३ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. सदस्यांत मराठी मातृभाषेचा एकही नव्हता. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. (तेरखेडा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आयोगाची मुख्य चौकशी ब्रिटिश मुलुखापुरती होती.) अकराशेहून अधिक साक्षी झाल्या, त्यांचे खंड आज चाळताना कंटाळा येतो, हे कबूल केले पाहिजे. पण वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग वेगळ्या योग्यतेचा आहे.

गांजाने वेड लागते, ह्या समजुतीस आधार होता तो इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांचा. आयोगाने हे आकडे जन्मास कसे येतात ते पाहिले. रोग्याबरोबर पोलीस वा मॅजिस्ट्रेट यांच्याकडून एक तक्ता येई व त्यात ‘कारण’ असा रकाना असे. रोग्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेला शिपाई रकाना रिकामा कसा ठेवणार? तो ‘गांजा’ लिही. इस्पितळाचा अधिकारी तेच उतरून घेई. वर्षाअखेर ते विज्ञान होई! आयोगाने १८९२ सालच्या नोंदी घेऊन रोग्यांच्या घरी व गावी पुनश्च चौकशी करविली. त्या वर्षी गांजा-भांगेच्या नावावर मांडलेल्या २२२ रोग्यांपैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत तो संबंध मान्य करण्याजोगा ठरला. ही फेरतपासणी हाच माझ्या मते आपल्याकडील व्यसनसंशोधनाच्या शिक्षणाचा पहिला धडा होय, जरी तो कोणी धडा म्हणून दिलेला नव्हता.

पुढील काळात हे संशोधन कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी वाढविले. महाराष्ट्रात वळण लागले ते १९८६ साली. त्या वर्षी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांची देणगी त्यास लाभली. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशक म्हणून तयार होऊ लागली. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा ह्यांची भाषा एक झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्याच विचाराची कसोशीने परीक्षा झाली ती गोव्यात. ‘संगाथ’ ह्या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींस समुपदेशनाचे शिक्षण दिले व दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर त्याचा परिणाम अजमावला. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल प्रभृतींचे हे काम २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर आधीच्या पंधरवड्यात दारूला न शिवलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के होते. पीत राहिलेल्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविले. समुपदेशक एकमेकांची ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकून गुण देत. नवशिक्या संशोधकांना हा परिपाठ आपल्या विद्यापीठांत कोठेही सक्तीचा असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, तो असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत मद्याचे माप ‘प्रमाणित पेय’ असे धरले आहे. तेरखेड्यास दुसऱ्या खेपेस जाताना विद्यार्थ्याने ते शब्द खोडले आणि आजोबांना म्हणाला, “घेता तो ग्लास दाखवता का?” त्यांनी आतून स्टीलचा ग्लास आणला. आम्ही तो पाण्याने भरू लागलो, तेव्हा त्यांनी हात धरला व ग्लासच्या मध्याच्या किंचित वर बोट ठेवले. “इथवर. सणाला, इथवर,” असे म्हणून त्यांनी बोट काठापाशी नेले. विद्यार्थ्याने दोन्ही मापे वहीत वेगवेगळी लिहून घेतली.