धारावी बेटाचा चिरा

भाईंदरजवळच्या तारोडीच्या टेकडीवर उभे राहा आणि साल धरा १६०१. धारावी बेटाच्या खाणीत उजाडल्यापासून छिन्न्या वाजतायत. पाथरवट खडकात ओळीनं पाचरी ठोकतो, प्रत्येक घावानंतर कान देतो. आवाज बदलला की ‘सरका!’ म्हणून ओरडतो आणि चिरा सुटतो. दगडाची धूळ खाऱ्या वाऱ्यानं तुमच्या ओठांना चिकटते.

भरती आली की चिरे होडीत चढतात, तुम्हीही चढा. खाडीपलीकडे वसई आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं ती पोर्तुगिजांना दिली आणि आता ती उत्तर फिरंगाणाची, म्हणजे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची, राजधानी झालीय. अमेरिका आपलं जुनं शहर म्हणून ज्याचा अभिमान बाळगते ते फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन वसलं १५६५ साली, म्हणजे त्याच्याही एकतीस वर्षं आधी वसई फिरंग्यांकडे आली. तिथल्या स्पॅनिश किल्ल्याचा दगडही असाच समोरच्या अनास्तासिया बेटावरून पाण्यावाटे आला, आणि तोही तिथल्या मूळ रहिवाशांच्या श्रमानं.

दर्यादरवाजातून आत या. सेंट जोसेफचं चर्च नव्यानं बांधलं जातंय. शिलालेखात गोव्याचे आर्चबिशप मिनेझिस यांचं नाव येणार आहे, वसईच्या ‘विकार’चं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूचंही. वसईच्या चर्चांचे कितीतरी खांब आणि कोरीव दगड मात्र धारावी बेटावरून आलेले. ते घडवणाऱ्या एकाचंही नाव कुठे कोरलेलं नाही, आणि मला हेच सर्वांत जास्त लागतं. दिवस मावळला की देशी कारागिरांनी कोटाबाहेर पडायचं, असा इथला रिवाज. रात्रीचा मुक्काम फक्त ख्रिस्ती वस्तीचा.

आता थेट १७३९. वसईला मराठ्यांचा वेढा पडलाय. मार्चमध्ये धारावी मराठ्यांच्या हाती आलीय. खाडीच्या तोंडावरचा हा डोंगर गेला, तशी समुद्रातून वसईला येणारी रसदही तुटत आली. मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेचे सुरुंग तटात उडतात, बुरुजाला खिंडार पडतं आणि शहर शरण येतं. वसईच्या एका चर्चची घंटा पुढे नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगली गेली. तिच्यावर १७२१ हे साल आजही वाचता येतं.

२०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. तारोडी-डोंगरीच्या शाळकरी पोरांना एकदा तिनं पलीकडे न्या आणि सेंट जोसेफच्या कमानीखाली उभं करून सांगा की असले दगड आपल्या डोंगरातून इथे आलेत.