संत गोन्सालो गार्सिया यांचे घराणे : पोर्तुगीज पिता, आगाशीची माता

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची अशी समजूत आहे की आडनाव पोर्तुगीज, त्या अर्थी मूळ पुरुषही पोर्तुगालहून आला असावा. वसईच्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. मात्र एका घराण्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे, आणि ते घराणे म्हणजे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे. म्हणून या घराण्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 मध्ये तह करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर लिस्बनहून निघणाऱ्या गलबतांतून शिपाई, खलाशी व व्यापारी येथे येऊ लागले. हा प्रवास वाऱ्याच्या भरवशावर सुमारे सहा महिन्यांचा असे आणि त्यात स्त्रिया फारच थोड्या असत. गोवा 1510 मध्ये जिंकल्यावर आल्बुकर्कने आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले होते. असा विवाह करून घर थाटणाऱ्यास 'कझादो' म्हणत. शिपाईगिरी सोडून तो शेतजमीन किंवा व्यापार यांवर निर्वाह करी. गोन्सालोंचे पिता हे अशाच स्थलांतरितांपैकी एक, पेशाने सैनिक, असे परंपरा सांगते.

माता आगाशीची. त्या काळी आगाशी हे लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी यांसाठी नावाजलेले बंदर होते. तहापूर्वीच्या स्वाऱ्यांत पोर्तुगीजांनी हेच आगाशी जाळले होते. ज्यांच्या गावाची राख झाली त्यांची लेक आणि राख करणाऱ्यांच्या सैन्यातील एक पुरुष, यांचा संसार अवघ्या एका पिढीत उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. पोर्तुगीज लेखनात या मातेचा उल्लेख 'कनारिम' असा येतो. त्यावरून ती कर्नाटकची असावी, असा तर्क कोणी करू नये. कोकणपट्टीतील स्थानिकांना पोर्तुगीज सरसकट हाच शब्द लावीत.

या दांपत्याच्या पोटी 1556 च्या सुमारास गोन्सालो जन्मले. किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून लोकांच्या आवडीचे झाले. संघात प्रवेश मिळावा, ही त्यांची विनंती मात्र मान्य झाली नाही. भारतात जन्मलेल्या मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेऊ नये, असे पूर्वेकडील येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो यांचे मत होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पित्याचे आडनाव लाभले तरी मातेचे कूळ आड येई, असा तो काळ होता.

पुढे गोन्सालो व्यापारात उतरले. त्यात त्यांचा जम बसला, पण मन रमले नाही. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले आणि हिदेयोशीच्या दरबारात उभे राहिले. दोन कुळांच्या घरात वाढलेल्या या मुलाच्या वाट्याला दुभाष्याचे काम आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. पोप आठवे अर्बन यांनी गोन्सालोंना 1627 मध्ये धन्य म्हणून आणि पोप नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी संत म्हणून घोषित केले.

ते पोर्तुगीज की भारतीय, हा वाद अधूनमधून उपस्थित होतो. संत अल्फोन्सा यांना 2008 मध्ये संतपद मिळाले, त्या वेळीही 'पहिले भारतीय संत' कोण, याची चर्चा झाली. आमच्या मते, ज्याची माता आगाशीची आणि जन्म व बालपण वसईचे, त्याच्याकडे भारतीयत्वाचा दाखला मागणे व्यर्थ होय.

आता आपल्या आडनावांविषयी. चिमाजी आप्पांच्या फौजेने मे 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा तहानुसार पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली. मागे राहिले ते येथलेच शेतकरी, बागायतदार आणि कोळी. त्यांच्या पूर्वजांना परेरा, लोपीस, डिमेलो ही नावे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूकडून मिळाली होती. रक्ताच्या नात्याशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून वंशावळ शोधू इच्छिणाऱ्यांनी लिस्बनकडे नव्हे, तर आपल्याच धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीकडे वळावे आणि तीत मातापित्यांबरोबरच धर्ममातापित्यांची नावेही वाचावीत. जुनी घराणी व आळ्यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून वेळीच लिहून घ्यावीत. आईच्या माहेरचे गाव त्यात अवश्य नोंदवावे.