सोडियमच्या आरपार

लंडन, ऑक्टोबर 1807. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत तुम्ही अंग चोरून उभे आहात. हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडलीय आणि तारेच्या टोकाशी चांदीसारखं काहीतरी जमतंय. थोड्याच दिवसांपूर्वी पोटॅशियमचे असेच थेंब पाहून हा गृहस्थ खोलीभर नाचला होता म्हणे. आजचं हे सोडियम. शाळेत सरांनी रॉकेलच्या बाटलीतून काढून सुरीने कापून दाखवलेलं, तेच. कापल्याबरोबर कसं लखलखलं होतं, आणि बघता बघता काळवंडलं!

ती लकाकी मोकळ्या इलेक्ट्रॉनांची. प्रत्येक अणू आपला सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन सोडून देतो. असे सगळे इलेक्ट्रॉन धातूभर हिंडतात आणि आलेला प्रकाश परतवून लावतात.

1933 च्या प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ विग्नर आणि साइट्झ हेच सोडियम हिशेबाला घेतात. याच्याइतका साधा धातू नाही. धातू दाबला की तो आणखी पक्का धातू होणार, हा समजही तसाच साधा. 1999 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या नीटन आणि अ‍ॅशक्रॉफ्ट यांची लिथियमवरची गणितं त्याला धक्का देतात आणि दोन वर्षांनी ते सोडियमकडे वळतात.

आता माइन्झ, जर्मनी. इथल्या प्रयोगाचा शोधनिबंध मार्च 2009 मध्ये छापून येईल, तुम्ही त्याच्या जरा आधी पोचलाय. मिखाईल एरेमेट्स यांच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या प्रयोगशाळेत, मुठीत मावेल एवढ्या उपकरणात दोन हिरे टोकाला टोक लावून बसलेत. मधे केसाच्या जाडीहूनही लहान सोडियमचा कण. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.

दाब वाढतो. वातावरणाच्या 12 लाख पटींच्या आसपास कण अजून चकाकतोय. 15 लाखांच्या पुढे चमक विझते, कण काळा दिसू लागतो.

आत गर्दीच्या लोकलसारखं झालंय. अणू इतके खेटलेत की त्यांचे आतले इलेक्ट्रॉनही एकमेकांना भिडताहेत, आणि डबाभर हिंडणारा मोकळा इलेक्ट्रॉन अणूंमधल्या फटीत कोंबला जातोय. (उपमा पुरती बसत नाही. लोकलमध्ये धक्के बसतात, इथे मात्र एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहूच शकत नाहीत, हा पाउलीचा नियम आड येतो.) फटीत अडकलेला इलेक्ट्रॉन वीज वाहत नाही, प्रकाशही परतवत नाही.

सुमारे 20 लाख पट. कण गायबच होतो. मागचा दिवा सरळ तुमच्या डोळ्यात येतो.

सोडियम निसटलं तर नाही? तुम्ही दचकून मागे वळता. कोणीतरी आपल्या रामन यांच्या नावाचा वर्णपट पुढे करतं. सोडियम जागेवरच आहे, आकारमान एक-पंचमांश झालेलं, आणि काचेसारखं आरपार.