नादेशिको : एका शब्दाचा आणि एका खेळाडूचा इतिहास

इ. स. २००४ च्या जुलै महिन्यात जपानच्या फुटबॉल संघटनेने महिलांच्या राष्ट्रीय संघास 'नादेशिको जपान' हे नाव दिले. लोकांकडून मागविलेल्या नावांतून ते निवडण्यात आले होते. नादेशिको हे वस्तुतः एका रानफुलाचे नाव होय. देठ बारीक, रंग फिकट गुलाबी आणि पाकळ्यांच्या कडा झालरीप्रमाणे चिरलेल्या, असे हे फूल आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात शरद ऋतूच्या सात फुलांमध्ये गणले गेले आहे. 'कुरवाळलेले मूल' अशी या शब्दाची फोड परंपरेने करण्यात येते. पुढे चीनमधून आलेल्या त्याच जातीच्या फुलापासून वेगळेपणा दाखविण्यासाठी देशी फुलास 'यामातो नादेशिको' असे म्हणू लागले. कालांतराने हा समास फुलावरून स्त्रीवर आला व विनयशील, सोशिक, आतून खंबीर परंतु बाहेरून मृदू अशा आदर्श जपानी स्त्रीचा वाचक झाला. चिखलात घसरून प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेणाऱ्या स्त्रियांच्या संघास हे नाव मिळावे, यातील विसंगती त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. पुरुषांच्या संघास पुढे 'सामुराई ब्ल्यू' हे नाव रूढ झाले, हे लक्षात घेतले म्हणजे एका बाजूस योद्धा आणि दुसऱ्या बाजूस फूल अशी ही वाटणी अधिकच स्पष्ट होते.

तथापि शब्दांचे अर्थ नामकरणाच्या दिवशी ठरून जात नाहीत. 'नादेशिको' या शब्दास आज जो दुसरा अर्थ चिकटला आहे, तो ज्यांच्या कारकीर्दीतून मुख्यतः आला, त्या खेळाडूचे नाव होमारे सावा असे आहे.

सावा यांचा जन्म ६ सप्टेंबर १९७८ रोजी टोकियोच्या पश्चिमेकडील फुचू या गावी झाला. त्यांचे नाव लिहिताना 'धान्याचे कणीस' आणि 'आशा' या अर्थांच्या दोन चिन्हांचा उपयोग करतात, परंतु उच्चारात ऐकू येणाऱ्या 'होमारे' या शब्दाचा अर्थ मात्र 'कीर्ती' किंवा 'गौरव' असा आहे. डोळ्यांना एक अर्थ आणि कानांना दुसरा, हा प्रकार जपानी नावांत विरळा नाही. वडील भावाच्या मागोमाग त्या मुलांच्या क्लबात खेळू लागल्या. मुलींसाठी निराळी वाट अशी फारशी नव्हतीच. महिलांचा राष्ट्रीय संघ पहिल्याने १९८१ मध्ये मैदानात उतरला होता आणि महिलांची लीग १९८९ मध्ये अवघ्या सहा संघांनिशी सुरू झाली होती. १९९१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, सावा या लीगमधील योमिउरी बेलेझा या संघात दाखल झाल्या. पुढे ६ डिसेंबर १९९३ रोजी आशियाई स्पर्धेत फिलिपाइन्सविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय संघातर्फे पहिला सामना खेळला आणि पंधरा वर्षांच्या या मुलीने त्यात चार गोल केले. सामना १५-० असा एकतर्फी झाल्यामुळे त्या चार गोलांना फार महत्त्व देण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या दिवशी सुरू झालेला क्रम पुढे बावीस वर्षे चालू राहिला.

त्या क्रमातील पहिली दहा वर्षे यशाची म्हणता येणार नाहीत. १९९५ च्या विश्वचषकात ब्राझीलचा पराभव करून जपानने उपांत्यपूर्व फेरी गाठली, पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिन्ही सामने हरला. १९९९ च्या विश्वचषकात जपान गटात तळाला राहिला आणि त्यामुळे सिडने ऑलिंपिकचे दार बंद झाले. त्याच सुमारास देशातील आर्थिक मंदीची झळ लीगला लागली. हे संघ बहुतांशी कंपन्यांच्या आश्रयावर जगत. कंपनीचा ताळेबंद बिघडला की कात्री प्रथम महिलांच्या संघावर चाले. निक्को सिक्युरिटीज या कंपनीचा संघ लागोपाठ तीन वर्षे विजेता ठरला होता. तोसुद्धा १९९८ च्या हंगामानंतर विसर्जित करण्यात आला. विजयाने संघ वाचतो असा जर कोणाचा समज असेल, तर त्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

अशा स्थितीत सावा यांनी विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून अमेरिका गाठली. २००१ मध्ये तेथे महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा त्या अटलांटा बीट या संघाकडून खेळू लागल्या. धिप्पाड व वेगवान प्रतिस्पर्ध्यांमध्ये टिकाव धरावयाचा तर चेंडू येण्यापूर्वीच त्याची दिशा ओळखली पाहिजे, हे त्यांना तेथे रोजच्या रोज शिकावे लागले. परंतु ती लीगही २००३ च्या सप्टेंबरात, विश्वचषक अवघ्या काही दिवसांवर आला असताना, पैशांअभावी बंद पडली. एका देशात आश्रयदाते गेले, दुसऱ्या देशात लीगच गेली. सावा स्वदेशी परतल्या त्या या अनुभवानिशी.

२४ एप्रिल २००४ चा सामना या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागारात उत्तर कोरियाशी गाठ होती आणि जिंकणारा संघ अथेन्स ऑलिंपिकला जाणार होता. कोरियाचा संघ त्या काळी जपानला जुमानत नसे. पुन्हा ऑलिंपिक हुकले असते, तर महिला फुटबॉलवर पैसा खर्च करण्यास कोणी पुढे आले असते की काय, याची शंकाच आहे. सावा यांच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चेला इजा झालेली होती व वेदनाशामक इंजेक्शन घेऊन त्या मैदानात उतरल्या होत्या. सामन्याच्या आरंभीच त्यांनी एका कोरियन खेळाडूस खांद्याने भिडून चेंडू हिसकावून घेतला. जपानने तो सामना ३-० असा जिंकला. एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षक त्यास उपस्थित होते. संघासाठी लोकांकडून नाव मागविण्याइतपत उत्सुकता देशात निर्माण झाली होती, ती या विजयाच्या वातावरणात. म्हणजे फुलाचे नाव मिळाले खरे, परंतु ते मिळवून देणाऱ्या लाटेच्या मुळाशी खांद्याची ती धडक होती.

२००८ मध्ये नोरिओ सासाकी हे प्रशिक्षक झाले. तोवर आघाडीच्या मागे खेळणाऱ्या सावा यांना त्यांनी मधल्या फळीत आणखी मागे, बचाव फळीच्या पुढ्यात आणले. या जागेस जपानी भाषेत 'बोरान्ची' असा शब्द आहे. मूळ पोर्तुगीज शब्द 'व्होलांते', आणि त्याचा एक अर्थ मोटारीचे सुकाणूचक्र. ब्राझीलच्या खेळाडूंबरोबर तो जपानात आला आणि जपानी उच्चारपद्धतीने त्यास आपल्या साच्यात बसविले. सावा यांच्या बाबतीत हे रूपक अन्वर्थक ठरले. गोल करणाऱ्या खेळाडूस गोलापासून दूर नेणे हे वरकरणी विचित्र वाटते. पण प्रतिपक्षाचा पास मध्येच अडवून त्याच क्षणी खेळाची दिशा फिरविण्याचे जे कसब त्यांनी अमेरिकेत कमावले होते, त्याला योग्य जागा तीच होती.

त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यापूर्वी सावा यांनी तरुण सहकाऱ्यांना सांगितले की, कठीण वेळ आली तर माझ्या पाठीकडे पाहा. तो सामना जपान जर्मनीकडून हरला. ते वाक्य मात्र टिकले. मुले आईबापांची पाठ पाहून वाढतात, अशा आशयाची म्हण जपानीत आहे. सावा यांचे वाक्य त्याच परंपरेतील. मराठी वाचकास येथे थोडे थबकावे लागते. आपल्याकडे 'पाठीराखा' मागे उभा राहतो, 'पाठीवर हात' मागून पडतो, आणि 'पाठ दाखविणे' म्हणजे तर पळ काढणे. जपानी कल्पनेत ज्याच्यावर भिस्त ठेवावयाची तो पुढे चालत असतो आणि म्हणूनच त्याची पाठ दिसते. उपदेश न करता पुढे चालणे, एवढेच त्या वाक्याचे मागणे होते.

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानात भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. टोकियो वीज कंपनीचा मारीझे हा महिला फुटबॉल संघ याच फुकुशिमा जिल्ह्यातला. त्याचे कार्य थांबले ते कायमचेच. जून महिन्यात जर्मनीत विश्वचषक सुरू झाला. मेक्सिकोविरुद्ध कर्णधार सावा यांनी तीन गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात गाठ पडली ती यजमान जर्मनीशी, आणि जर्मनी तर लागोपाठ दोन वेळा विश्वविजेता ठरलेला. सामन्यापूर्वी सासाकी यांनी खेळाडूंना आपद्ग्रस्त प्रदेशाची छायाचित्रे दाखविली. जादा वेळेत, १०८ व्या मिनिटास, सावा यांच्या पासवर कारिना मारुयामा यांनी एकमेव गोल केला. मारुयामा या पूर्वी मारीझे संघाच्या खेळाडू होत्या. हा योगायोग कोणी रचला नव्हता, परंतु जपानी वाचकांच्या मनात तो कसा रुजला असेल याची कल्पना करता येते.

१७ जुलै रोजी फ्रँकफर्ट येथील अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता अमेरिकेचा संघ. त्याच्याविरुद्ध जपान तोवर एकदाही जिंकलेला नव्हता. अमेरिकेने दोनदा आघाडी घेतली. पहिल्या वेळी आया मियामा यांनी बरोबरी साधली. दुसऱ्या वेळी जादा वेळेतील जेमतेम तीन मिनिटे उरली असता मियामा यांनी डावीकडून कॉर्नर घेतला. सावा जवळच्या खांबाकडे धावल्या आणि गोलाकडे जवळजवळ पाठ असतानाच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने त्यांनी चेंडू आत वळविला. पेनल्टींमध्ये जपान ३-१ असा विजयी झाला. त्या घेणाऱ्यांत सावा नव्हत्या. पाच गोलांसह सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा, असे दोन्ही मान त्यांना मिळाले. बचावाजवळच्या जागेवरून खेळणाऱ्या खेळाडूने ते मिळविणे ही असाधारण गोष्ट म्हटली पाहिजे. २०१२ च्या जानेवारीत जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू हा २०११ सालचा सन्मानही त्यांना लाभला. तो मिळविणाऱ्या त्या आशियातील पहिल्याच.

यानंतर सर्व काही पालटले असे मात्र नाही. २०१२ मध्ये जपानचे दोन्ही फुटबॉल संघ लंडन ऑलिंपिकसाठी एकाच विमानाने निघाले, त्या वेळी पुरुष 'बिझनेस' वर्गात होते आणि विश्वविजेत्या स्त्रिया खालच्या वर्गात. निदान वयाचा विचार केला तरी व्यवस्था उलट असावयास हवी होती, असे सावा यांनी हसत हसत बोलून दाखविले. 'यामातो नादेशिको'च्या जुन्या अर्थात हे बोलणे बसणारे नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांना कानातील विकारामुळे भोवळ येऊ लागली होती. त्यामुळे मार्चमध्ये पोर्तुगालमधील स्पर्धेत जपानने अमेरिकेवर पहिला निर्विवाद विजय मिळविला, तेव्हा त्या संघात नव्हत्या. ऑगस्टमध्ये वेम्ब्ली येथे ऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर अमेरिकेकडून १-२ अशी हार पत्करून रौप्यपदक आले. २०१५ मध्ये त्या आपला सहावा विश्वचषक खेळल्या. एवढे विश्वचषक तोवर ब्राझीलच्या फॉर्मिगा वगळता दुसऱ्या कोणी खेळले नव्हते. अंतिम सामन्यात अमेरिकेने पहिल्या सोळा मिनिटांतच चार गोल केले. सावा ३३ व्या मिनिटास बदली खेळाडू म्हणून आल्या आणि जपान २-५ असा हरला. महिलांचा फुटबॉल ही तात्पुरती लाट न ठरता संस्कृती व्हावी, असे त्या वेळच्या कर्णधार मियामा यांनी सामन्यापूर्वी म्हटले होते.

२०५ आंतरराष्ट्रीय सामने आणि ८३ गोल हे सावा यांचे आकडे जपानच्या कोणाही पुरुष वा स्त्री खेळाडूहून अधिक आहेत. त्यांचा शेवटचा सामना २७ डिसेंबर २०१५ रोजी कावासाकी येथे झाला. सम्राज्ञी चषकाच्या त्या अंतिम सामन्यात कोबेच्या संघाकडून खेळताना, ७८ व्या मिनिटास, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोक्याने त्यांनी एकमेव गोल केला. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी, ओसाका येथील पात्रता फेरीत, जपानच्या महिला संघाची रिओ ऑलिंपिकची संधी हुकली.